झाडछाटणीचा स्वतःचा धंदा आहे, गाडी कोणती घ्यावी? (सोलापूर)

शेंड्यावरचा
राम राम मंडळी. वाचत असतो कायम, धागा पहिल्यांदाच काढतोय. मी सोलापुरात झाडं छाटायचं काम करतो, स्वतःचं, कुणाच्या हाताखाली नाही. म्हणजे बेल्ट-दोर लावून वर चढायचं, घरावर नाहीतर वायरीवर आलेल्या फांद्या तुकड्या तुकड्यात खाली उतरवायच्या, नारळ साफ करायचे, वाळलेलं झाड असेल आणि परवानगीचा कागद असेल तर आख्खं काढायचं. सोबत दोन पोरं असतात, एक खाली दोर धरतो, एक पाला ओढतो.

आत्तापर्यंत असं चाललंय की करवतीचं मशीन, दोर, कोयता घेऊन मी मोटरसायकलवर जाणार आणि माल उचलायला भाड्याचा छोटा हत्ती सांगणार. पण ते आता परवडंना झालंय. आम्ही उन्हाळ्यात सकाळी सहाला झाडावर असतो कारण अकरानंतर सोलापूरच्या उन्हात वर थांबवत नाही, बेल्टाचे हूक सुद्धा हाताला चटके देतात, आणि गाडीवाला येणार दहाला. आला की आधी पाला बघून नाक मुरडणार, हौदा घासतो म्हणणार, मग दुसरी खेप म्हटलं की भाडं दीडपट. घरमालक दारात उभा, रस्ता आडलेला, शेजारी बोंबलतोय, आणि माझं सगळं लक्ष फांदीपेक्षा गाडीकडे.

तर गाडी स्वतःची घ्यायची आहे. छोटा हत्ती, पिकअप, का जुना टाटा ४०७? एकजण म्हणतो ट्रॅक्टर-ट्रॉली घे. बजेट बेताचं, सेकंडहँडच बघणार. अनुभव असणाऱ्यांनी सांगा. आणि झाडं कशाला तोडता म्हणून भांडायला येणाऱ्यांना हात जोडून विनंती, आधी पूर्ण वाचा.

चादरवाला
छोटा हत्ती घे की बे डोळे झाकून. भवानी पेठेतल्या, साखर पेठेतल्या बोळात दुसरं काय शिरतंय? आमचा माल त्याच्यावरच जातो, पार्ट कुठंही मिळतात, मेस्त्री प्रत्येक नाक्यावर. २००५ पासून रस्त्यावर आहे ती गाडी, आता तिचं काय गुपित राहिलंय.

करवतकाठी
चादरवाले, चादरीच्या गाठोड्यात आणि ओल्या कडुनिंबात फरक आहे हो :)

शेंड्यावरचा भाऊ, मी याच लाईनीत आहे, आधी बार्शी-वैराग भागात बागांची कामं करायचो, आता शहरात करतो. माझं मत सरळ आहे. झाड उतरवायला अक्कल लागते पण या धंद्यात पैसा राहतो का जातो ते माल उचलण्यावर ठरतं. दोन तासात तू कडुनिंबाचं अर्धं डोकं खाली आणशील, पण ते भरायला आणि नेऊन टाकायला अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक मात्र तू वर लटकलेला असतोस त्याचेच पैसे देतोय असं समजतं.

आता हिशोब बघ. ओलं लाकूड ढोबळमानाने पाण्याइतकं जड धर, एक लिटरला एक किलो. दोन फूट जाडीचा, एक मीटर लांबीचा बुंध्याचा तुकडा पावणेतीन-तीन क्विंटल भरतो. छोट्या हत्तीचं पासिंग, म्हणजे कागदावर भरता येणारं वजन, साधारण साडेसातशे किलो (मॉडेलप्रमाणे कमीजास्त, आरसी बुकात बघ). म्हणजे असे तीन ओंडके पण पासिंगात बसत नाहीत आणि हौदा तर रिकामाच दिसतो, मग माणूस अजून चार चढवतो, स्प्रिंगचे पाटे सपाट होतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. याच्या उलट पाला. पाला भरला की गाडी बघायला डोंगर आणि वजन काहीच नाही. त्यामुळे एकाच झाडाच्या मालात एक खेप वजनाने संपते आणि एक आकाराने. दोन्हीला पुरेल अशी गाडी म्हणजे लांब हौद्याची पिकअप, सव्वा-दीड टनाच्या पासिंगची. माझ्याकडे तीच आहे. हौद्यावर लोखंडी जाळी वाढवून घेतली, मागचा फाळका आख्खा निघतो असा करून घेतला (हे महत्त्वाचं आहे, अर्धवट उघडणाऱ्या फाळक्यावरून ओंडका ओढताना पोरांच्या बोटाचं काय होतं ते बघितलंय), आणि तळाला जुना कन्व्हेयर पट्टा टाकलाय त्यामुळे पत्रा खराब होत नाही.

पेठेतल्या बोळाचा मुद्दा खरा आहे. तिथं पिकअप नाक्यावर लावायची आणि पाला ताडपत्रीवर ओढत आणायचा. मजुरी जादा लागते ती आधीच भावात धरायची.

शेंड्यावरचा
करवतकाठी दादा, असंच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. वजनाचं लक्षात होतं पण असा हिशोब घातला नव्हता. भाव कसा सांगता तुम्ही? झाडावर का खेपेवर?

करवतकाठी
रेट इथं टाकत नाही, पोरं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी शंभरने खाली येतात. पण पद्धत सांगतो, उतरवण्याचे वेगळे आणि उचलण्याचे वेगळे. गिऱ्हाईकाला दोन्ही आकडे वेगवेगळे सांगायचे. मग तो म्हणतो लाकूड आमच्याकडेच ठेवा, सरपण होईल, किंवा पाला खड्ड्यात टाकतो. तेवढा तुझा भार कमी.

आसरा चौक
गाडीच्या कागदाचं मी सांगतो, आरटीओची कामं बघतो म्हणून.

पांढऱ्या पाटीची (खाजगी) गाडी घेऊन धंदा करायचा विचार करू नका, पिवळी पाटीच (धंद्याची) घ्या, एमएच १३ पासिंगची स्थानिक गाडी असेल तर ट्रान्सफर सोपं जातं. सेकंडहँड घेताना फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचं आरटीओचं सर्टिफिकेट) किती बाकी आहे ते आधी बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे नऊ वर्षांची गाडी स्वस्त दिसते पण दरवर्षी पासिंगला उभी करायची, रंगरंगोटी, टायर, ब्रेक, रिफ्लेक्टर पट्ट्या, सगळं आलं.

लायसनबद्दल लोक अजून घाबरवतात. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलंय की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालवता येते. त्यामुळे हत्ती, पिकअप दोन्ही चालतील. ४०७ घेणार असाल तर आरसीवरचं एकूण वजन बघून घ्या, मॉडेल बरेच आहेत.

आणि दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला कायद्यात २०,००० आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल गाडीच्या बाहेर लोंबत असेल, बाजूने, मागून किंवा उंचीने, त्याला वेगळे २०,०००. तुमच्या धंद्यात हे दुसरंच जास्त लागू होतं, फांद्या मागे झाडूसारख्या रस्त्यावर घासत चाललेल्या गाड्या विजापूर रोडला रोज दिसतात. मागच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यात गेली एखादी फांदी तर दंड राहू द्या, विमा कंपनी सुद्धा हात वर करायला बघते. ट्रॅक्टर-ट्रॉली शेतीच्या नावावर असते, भाड्याच्या मालाला वापरली आणि अपघात झाला की तोच घोळ. त्या नादाला लागू नका.

पिंपळपान
पूर्ण वाचलं. तरीही बोलणार. या गावात सावली आहेच किती? दरवर्षी मार्च-एप्रिल आला की छाटणीच्या नावाखाली झाडांचे खांब करून ठेवतात. आमच्या रस्त्याला गुलमोहर होते, आता नुसते सोटे उभे आहेत. तुम्ही लोक गाडी मोठी घेणार म्हणजे माल अजून जास्त काढणार, दुसरं काय?

शेंड्यावरचा
ताई (का दादा, माहीत नाही), तुमचा राग बरोबर आहे पण चुकीच्या माणसावर निघालाय. ते सोटे करणारे म्हणजे कुऱ्हाडवाले, एका दिवसात जितकी जास्त झाडं तितके पैसे. शेंडा उडवला की झाड मरत नाही लगेच, उलट जिवाच्या आकांताने त्या तुटक्या टोकावरून वीस बारीक धुमारे फोडतं, मालकाला वाटतं काय फुटलंय झाड. पण ते धुमारे सालीपाशीच चिकटलेले असतात, आतून धरलेले नसतात, आणि खाली खोड कुजायला लागलेलं असतं. चार-पाच वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात तेच तुटून गाडीवर पडतं. म्हणजे छाटून धोका वाढवला.

आम्ही कसं करतो सांगतो. जाड फांदी असेल तर तीन काप. पहिला खालून, खोडापासून फूटभर लांब, पाव-एक तृतीयांश जाडीपर्यंतच. दुसरा वरून, त्याच्या थोडं बाहेर. फांदी आपल्या वजनाने मोडून पडते पण साल खाली खोडापर्यंत सोलत जात नाही, कारण खालचा काप तिला आडवतो. मग राहिलेला ठोंब तिसऱ्या कापाने काढायचा, पण खोडाला अगदी चाटून नाही. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं, कडुनिंबावर तर बोट फिरवलं की कळतं, सालीला वळ्या पडलेल्या असतात. ते कडं शाबूत ठेवायचं आणि त्याच्या बाहेर काप. त्या कड्यातूनच झाड जखम झाकत आणतं. कड्यासकट कापलं तर भोक राहतं आणि लांब ठोंब सोडला तर तो वाळून आत कुजत जातो. आणि वर डांबर नाहीतर ऑइलपेंट लावायचा हट्ट करतात लोक, त्याने काही भलं होत नाही, उलट खाली ओल धरून राहते.

एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवं काढत नाही मी. भर उन्हाळ्यात तर अजून कमी, कारण वर्षानुवर्षं सावलीत असलेली साल एकदम उन्हात आली की भाजते. काट्याचे बूट फक्त काढायच्या झाडाला, जगवायच्या झाडाला कधीच नाही. गिऱ्हाईक भांडतं, एवढंच काढलं का म्हणून. त्याला गाडीत भरलेला माल दिसला पाहिजे असतो.

पिंपळपान
ताईच. बरं, हे माहीत नव्हतं. पण मग परवानगीचं?

करवतकाठी
शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. नुसतं बुंध्यातून पाडणंच नाही, जाळणं, इजा करणं हे पण त्यात 'तोडणे'मध्येच धरतात, म्हणून जबर छाटणी असेल तर कागद घेऊनच हात लावायचा. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष धरलंय आणि काढलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची अट आली. रेल्वे लाईन्स भागातल्या जुन्या बंगल्यातली झाडं बघितली की मी आधी वयाचाच विचार करतो. गावाकडं, शहराच्या बाहेर १९६४ चा कायदा वेगळा आणि तिथं लाकूड हलवायला काही जातींना वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. पिकअप घेतलीस की नाक्यावर पहिला प्रश्न हाच येणार, लाकूड कुठलं आणि कागद कुठाय. परवानगीची झेरॉक्स गाडीच्या खणात ठेवायची, गिऱ्हाईकाच्या फायलीत नाही.

जाई जुई
मी जुळे सोलापूरला सोसायटीची सेक्रेटरी आहे, गिऱ्हाईकाच्या बाजूने बोलते. आम्ही एकदा सगळ्यात कमी भाव सांगणाऱ्याला काम दिलं. झाड छाटून पाला गेटसमोर टाकून गेला तो, परत फोनच उचलला नाही. आठ दिवस पाला तसाच, पार्किंग बंद, त्यात कुणीतरी काडी लावली तर आख्ख्या बिल्डिंगभर धूर. तेव्हापासून आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, गाडी तुमची आहे का? दोन पैसे जास्त घ्या पण संध्याकाळी जागा झाडून द्या.

शेंड्यावरचा
वहिनी, हे वाक्य मी छापून घेणार आहे व्हिजिटिंग कार्डावर :)

लाईनमन रिटायर
वायरीवरच्या फांद्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. ३३ वर्षं खांबावर काढली. पावसाळ्याच्या आधी शटडाऊन घेऊन छाटणी होते ते ठीक, पण खाजगी काम करणारी पोरं शटडाऊन म्हणजे लाईट गेली एवढंच समजतात. लाईट गेली म्हणजे लाईन मेली असं नाही. कुणाच्या घरचा जनरेटर नाहीतर नीट न जोडलेला इन्व्हर्टर उलटा करंट टाकू शकतो. लाईनमनने दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावलेलं आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वर चढायचं नाही. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाईनला तर हात लागायची गरजच नसते, ओली फांदी जवळ गेली तरी पुरतं. अल्युमिनियमची शिडी गाडीवर बांधून आणणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार. आणि लोखंडी जाळी लावलेली गाडी तारेखाली लावू नका, जाळीवर उभा राहून फांदी ओढायचा मोह होतो.

करवतकाठी
साहेब बरोबर. माझा नियम, कागद आणि लाईनमन दोन्ही हजर नसतील तर वायरीचं काम घेत नाही, मालक कितीही म्हणू दे.

कार्बोरेटर
गाडीवरच बोलताय सगळे, मशीनचं पण बघा. चेनसॉ टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळायचं, आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी जुन्या मशीनला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पेट्रोल पडून राहिलं की पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. मग मशीन ऑइलशिवाय फिरतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. कार्बोरेटरचे पडदे (डायफ्रॅम) पण कडक होतात. उपाय साधा, लिटरला २० मिली ऑइल (५० ला १ वालं मशीन असेल तर, पुस्तक बघा) एवढंच, लागेल तेवढंच मिसळायचं, आणि चार दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं. पिकअपच्या हौद्यात उन्हात कॅन ठेवून फिरू नका, सावलीची पेटी करून घ्या.

शेंड्यावरचा
हे आवडलं. माझं वरचं छोटं मशीन गरम झालं की बंद पडतं आणि परत चालू होत नाही, झाडावर लटकून दोरी ओढत बसायचं. पडदे बदलून बघतो. कानस मात्र मी रोज मारतो, दर टाकीला, कारण बोथट साखळी भुसा पाडते आणि धारेची साखळी ढलप्या. भुसा दिसला की खालचा पोरगाच ओरडतो, दादा कानस.

भट्टीवाला
आमची बेकरी आहे, भट्टी लाकडावर. छाटणीवाले येतात लाकूड विकायला पण सगळे ओलं आणतात. ओल्याला भाव नाही, नुसता धूर. हातभर लांबीचे तुकडे करून, फोडून, उन्हाळाभर वाळवून आणलं तर घेतो. कडुनिंब, बाभूळ, चिंच चालते. नारळ नको, गुलमोहर पण नको, भुसभुशीत.

करवतकाठी
इथंच खरी कमाई आहे बघ शेंड्यावरच्या. ओला माल टाकायला जागा शोधत फिरायचं आणि डिझेल जाळायचं, त्यापेक्षा शेळगी किंवा बाळ्याच्या बाजूला एखादा रिकामा प्लॉट भाड्याने घे. माल तिथं उतरव. आपल्याकडं ऊन फुकट आहे, दोन महिन्यात बारीक लाकूड खडखडीत. पावसाच्या आत विकून मोकळा. पाल्याचं खत कर, नर्सरीवाले नेतात. पाला बारीक करायचं चिपर मशीन घेतलं तर पाच खेपांचं दोन खेपांवर येतं, पण ते आत्ताच घेऊ नको, आधी गाडीचे हप्ते सुटू दे. मी ट्रॅक्टरवर चालणारं भाड्याने आणतो मोठं काम असेल तेव्हा.

आसरा चौक
आणि गाडीच्या विम्याबरोबर माणसांचं पण बघा. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढता येतो, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. तेवढ्याने भागत नाही हे मान्य, मोठी अपघात पॉलिसी वेगळी काढा, पण प्रस्तावात काम काय करतो ते खरं लिहा. 'शेती' लिहून पॉलिसी काढली आणि माणूस झाडावरून पडला की क्लेम अडकतो. खालच्या दोन्ही पोरांचं पण काढा.

शेंड्यावरचा
पोरांचं २० वालं आहे. मोठं काढायचं राहिलंय, गाडीच्या आधी ते करतो.

सगळ्यांचे आभार. ठरलं असं की ट्रॅक्टर आणि ४०७ बाद. मार्केट यार्डाजवळ एक सहा वर्षांची पिकअप आहे, कांद्याच्या व्यापाऱ्याची, फिटनेस बाकी आहे, एकच मालक. पाटे एका बाजूला बसल्यासारखे वाटतायत म्हणून मेस्त्रीला घेऊन जाणार आहे. कांद्यावाल्याने पासिंगाच्या आत भरली असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण चेसिसला वेल्डिंग दिसलं नाही तर घेईन म्हणतोय. पेठेतली कामं आली तर हत्ती भाड्याने आहेच. करवतकाठी दादा, जाळीचं काम कुठल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं केलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

करवतकाठी
केला व्यनि. चेसिसबरोबर हौद्याखालचे आडवे चॅनल पण आडवं पडून बघ, कांद्याच्या पाण्याने गंजतात. आणि रिकामी नको, चार पोती टाकून चालवून बघ.

चादरवाला
छोटा हत्तीच बरा होता बे.

होटगी रोडवाली
शेंड्यावरचा दादा, आमच्या मागच्या अंगणात दोन नारळ आहेत, खाली पत्र्याचं शेड. झावळ्या पडून पत्रा फुटलाय. तुम्ही करता का असली कामं? हिरव्या झावळ्या पण सगळ्या काढून टाका म्हणतायत घरचे.

शेंड्यावरचा
करतो की ताई. हिरव्या नको काढायला, नारळ त्याच्यावरच जगतो आणि फळं पण कमी होतात, वाळलेल्या आणि खाली लोंबलेल्या तेवढ्या काढू, एकेक दोराने उतरवून. शेडचा आणि बुंध्याचा एकत्र दिसेल असा फोटो टाका, आणि झावळ्या तुम्ही ठेवणार का आम्ही न्यायच्या ते आधी सांगा, भाव त्यावर ठरतो.